अंध सुताराची मोजपट्टी आणि करवत

सुताराच्या कारखान्यांत पाऊल टाकलें कीं प्रथम ध्यानांत येतीं तीं धारदार हत्यारें, आणि कानांवर आदळतो तो करवतीचा आवाज. अशा ठिकाणीं मुळींच न दिसणारा मनुष्य फळी मोजून, तिजवर खूण करून, विजेच्या करवतीनें ती सरळ कापीत आहे असें कोणीं सांगितल्यास ऐकणारा प्रथम दचकतो, मग हळहळतो आणि शेवटीं विचारतो, "त्या बिचाऱ्याला दुसरें एखादें काम कां देत नाहींत?" ही हळहळ मनापासूनची असते. तथापि याच हळहळीनें कित्येक अंधांच्या हातांतील हत्यार आजवर काढून घेतलें आहे. पाहिल्यावांचून मोजतां येत नाहीं आणि मोजल्यावांचून कापतां येत नाहीं, अशी एक समजूत तिच्या मुळाशीं आहे. या समजुतीचा उत्तरार्ध खरा आहे. पूर्वार्ध मात्र खरा नाहीं. तो कां खरा नाहीं हें कळण्यासाठीं अंध सुतार माप कसें घेतो, करवत कशी लावतो आणि ती चालूं असतां आपलीं बोटें कशीं राखतो, हें क्रमानें पाहिलें पाहिजे.

अंधांना सुतारकाम शिकविण्याचा प्रयोग आजचा नाहीं. पहिलें महायुद्ध चालूं असतां, सन १९१५ मध्यें, लंडन येथें आर्थर पिअर्सन या वृत्तपत्रव्यवसायी गृहस्थांनीं युद्धांत दृष्टि गमावलेल्या सैनिकांसाठीं 'सेंट डन्स्टन्स' ही संस्था काढली. पिअर्सन हे स्वतःच काचबिंदूनें अंध झाले होते. त्यांच्या संस्थेंत टोपल्या विणणें, जोडे दुरुस्त करणें, कोंबड्या पाळणें, अंगमर्दन, टेलिफोनचें काम या धंद्यांच्या जोडीला सुतारकामही शिकविलें जाई. न्यूझीलंडचे क्लूथा मॅकेन्झी हे १९१५ सालीं गॅलिपोलीच्या रणांगणावर अंध झाले आणि याच संस्थेंत शिकून तयार झाले. दुसऱ्या महायुद्धांत, सन १९४३ मध्यें, त्यांच्या हातून डेहराडून येथें भारतीय सैन्यांतील अंध झालेल्या जवानांसाठीं अशीच एक संस्था उभी राहिली. १९५० सालीं भारत सरकारनें ती आपल्याकडे घेतली, आणि आजच्या राष्ट्रीय संस्थेचें मूळ तेथेंच आहे.

असें असूनही अंधांचे हस्तव्यवसाय म्हटलें कीं वेताच्या खुर्च्या, टोपल्या, चटया, खडू आणि मेणबत्त्या एवढीच यादी पुष्कळांच्या मनांत येते. हीं कामें हलकीं नव्हेत. त्यांतही कौशल्य लागतें. परंतु त्यांपैकीं बहुतेकांत एक गोष्ट समान आहे. खुर्चीला वेत विणतांना चौकटीचीं भोकें सुतारानें आधींच पाडून ठेवलेलीं असतात. मेणबत्तीचा आकार साच्यानें ठरविलेला असतो. म्हणजे मापाचा निर्णय दुसऱ्या कोणीं तरी अगोदरच घेतलेला असतो. ज्याला स्वतः माप घेतां येत नाहीं त्याला दुसऱ्यानें आंखून दिलेलें काम करीत राहावें लागतें, आणि त्याची मजुरीही त्याच मानानें ठरते. मोजपट्टी हातीं आली म्हणजे तोच मनुष्य गिऱ्हाइकाच्या घरीं जाऊन भिंतीच्या कोनाड्याचें माप घेऊं शकतो, त्यांत बसणारें कपाट योजूं शकतो आणि त्याची किंमत सांगूं शकतो. म्हणून या विषयांत मोजपट्टीला पहिलें स्थान द्यावें लागतें.

डोळ्यांचें काम बोटांकडे सोपवावयाचें, तर बोटांना काय कळतें आणि काय कळत नाहीं याची आधीं चौकशी केली पाहिजे. यासाठीं घरच्या घरीं करतां येण्यासारखे दोन प्रयोग आहेत. केसांत घालावयाची एक पिन घेऊन तिचीं दोन टोंकें एकमेकांपासून सुमारें दीड मिलिमीटरवर आणावींत, आणि डोळे मिटून ती दुसऱ्याकडून बोटाच्या शेंड्यावर हलकेच टेकवून घ्यावी. बहुतेकांना एकच टोंक लागल्याचा भास होईल. टोंकें तीन-चार मिलिमीटर दूर नेतांच तीं दोन आहेत हें स्पष्ट कळेल. जर्मन शरीरशास्त्रज्ञ अर्न्स्ट वेबर यांनीं सन १८३४ मध्यें स्पर्शाविषयींचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांत हीच परीक्षा अंगाच्या निरनिराळ्या भागांवर केलेली होती. बोटाच्या शेंड्यावर ही मर्यादा सुमारें दोन मिलिमीटरची आहे. ब्रेल लिपींतील एका अक्षराच्या शेजारशेजारच्या टिंबांमधील अंतर सुमारें अडीच मिलिमीटर असतें. म्हणजे वाचणाऱ्या बोटाला पेलेल इतकेंच, पण त्याहून फारसें अधिक नाहीं.

दुसरा प्रयोग याहून सोपा आहे. गुळगुळीत मेजावर एक साधा कागद पसरून, डोळे मिटून, बोटाचा शेंडा मेजावरून कागदावर सरकवावा. कागदाची जाडी मिलिमीटरच्या सुमारें दहाव्या हिश्शाइतकी असते. तरीही त्याची कड बोटाला तत्काळ लागते. जें बोट दीड मिलिमीटरवरचीं दोन टोंकें निराळीं ओळखूं शकलें नाहीं, तेंच त्याच्या पंधराव्या हिश्शाइतका उंचवटा बिनचूक ओळखतें. दोन खुणांमधील अंतर ओळखण्यांत बोट मंद आहे; दोन पृष्ठभागांमधील चढउतार ओळखण्यांत तें अतिशय तीक्ष्ण आहे. अंध सुताराची सर्व उपकरणें या एका गोष्टीवर उभीं आहेत.

प्रथम सुचणारा उपाय असा कीं, साध्या मोजपट्टीवर छापलेल्या रेषांच्या जागीं उठावाच्या रेषा कराव्या. असल्या पट्ट्या आहेत आणि ढोबळ कामाला त्या उपयोगींही पडतात. पाव इंच म्हणजे सहा मिलिमीटरांहून थोडें अधिक. तेवढ्या अंतरावरच्या रेषा बोट सहज मोजतें. परंतु सुताराचें काम तेवढ्यावर भागत नाहीं. आपल्याकडील मिस्त्री लोक सुतांत बोलतात. आठ सुतांचा एक इंच. म्हणजे एक सूत सुमारें सव्वातीन मिलिमीटर आणि अर्धें सूत सुमारें एक पूर्णांक सहा दशांश मिलिमीटर. खण सरकण्यासाठीं किती मोकळीक ठेवावी, फळी खोबणींत घट्ट बसावी म्हणून किती तासावें, हा सारा हिशेब अर्ध्या सुताचा किंवा त्याहूनही बारीक असतो. अर्ध्या सुतावरच्या रेषा उठावाच्या केल्या तर बोटाखालीं त्या एकमेकींत मिसळून नुसता खरखरीतपणा उरतो. येथें उठावाची पट्टी हरते.

यावर तोड सांपडली ती मळसूत्रांत. आटे पाडलेल्या सळईवर नट एक पूर्ण फेरा फिरविला म्हणजे तो बरोबर एका आट्याइतका पुढें सरकतो. तीन सुती, म्हणजे तीन अष्टमांश इंच जाडीच्या सळईवर व्हिटवर्थ पद्धतीप्रमाणें इंचास सोळा आटे असतात. अर्थात् एका फेऱ्यास इंचाचा सोळावा भाग, म्हणजेच अर्धें सूत, इतकें अंतर कापलें जातें. नट चौकोनी असेल तर त्याची प्रत्येक बाजू बोटाला कळते; अर्ध्या फेऱ्यास इंचाचा बत्तिसावा आणि पाव फेऱ्यास चौसष्टावा भाग. दशमान मापांत काम करणाऱ्यास याहून सोईचें आहे: सहा मिलिमीटर जाडीच्या सामान्य सळईवर एका फेऱ्यास एक मिलिमीटर पडतो. चौसष्टाव्या भागाचें अंतर डोळ्यांनीं पट्टीवर वाचतांना डोळस सुतारही डोळे बारीक करतो. अंध सुतार तेंच अंतर पाव फेरा म्हणून मोजतो, आणि पाव फेरा ही कांहीं बारीक गोष्ट नव्हे. ती मनगटाला ढळढळीत कळते. सूक्ष्म अंतराचें रूपांतर मोठ्या हालचालींत करणें, हें या युक्तीचें मर्म आहे.

प्रत्येक मापासाठीं फेरे मोजीत बसणें कंटाळवाणें असतें. म्हणून याच तत्त्वावर 'क्लिक रूल' नांवाचें एक साधन झालें. एका पोकळ दांडींतून दुसरी सळई सरकते. सळईच्या अंगावर इंचास सोळा या प्रमाणांत बारीक दांते असतात, आणि दांडीच्या आंत स्प्रिंगच्या जोरावर त्या दांत्यांत अडकणारा एक खटका असतो. सळई बाहेर ओढली कीं दर अर्ध्या सुताला खट् असा आवाज होतो व हातालाही तो धक्का जाणवतो. सबंध माप खटक्यांनींच घ्यावयाचें, तर दहा इंचांना एकशें साठ खटके मोजावे लागतील आणि मध्यें एक जरी चुकला तरी सारें फुकट जाईल. म्हणून दर अर्ध्या इंचाला हाताला लागणारी निराळी खूण केलेली असते. बोटांनीं अर्धे इंच मोजावयाचे आणि कानांनीं उरलेला अंश. कारागीर याच्या जोडीला लांकडाच्या कांहीं ठराविक लांबीच्या काठ्या आणि ठोकळे करून ठेवतो. समजा, सव्वाचौदा इंच आणि एक सूत, म्हणजे चौदा इंच तीन सूत लांबीची फळी पाहिजे आहे. बारा इंचांची एक काठी, तिच्या टोंकाला दोन इंचांचा ठोकळा आणि बाकीचे तीन सूत म्हणजे सहा खटके. एवढ्यांत माप पुरें झालें, आणि तें पुन्हां तपासावयाचें झाल्यास पुन्हां सहाच खटके मोजावयाचे.

असें मापन म्हणजे डोळ्यांच्या अभावीं पत्करलेली दुय्यम प्रतीची सोय आहे, असें कोणास वाटेल. यंत्रविद्येचा इतिहास याच्या उलट साक्ष देतो. ज्यांच्या नांवानें हे आटे ओळखले जातात ते इंग्रज यंत्रकार जोसेफ व्हिटवर्थ यांनीं १८४१ सालीं आट्यांचें प्रमाण ठरविण्याची योजना मांडली. नेमक्या मापासाठीं रेषेवर डोळा ठेवण्यापेक्षां दोन टोंकांमध्यें वस्तु धरून स्पर्शानें तिचें माप घेणें अधिक विश्वसनीय, असें त्यांचें ठाम मत होतें. त्यांच्या मापनयंत्रांत मोजावयाच्या वस्तूशेजारीं एक पातळ पोलादी तुकडा धरलेला असे. पकड पुरेशी असेपर्यंत तो अधांतरीं राही. ती किंचित् सैल होतांच तो खालीं घसरे. या रीतीनें इंचाच्या दशलक्षाव्या भागाइतका फरकही उघडकीस येई. पुढें सन १८९६ मध्यें स्वीडनमधील कार्ल योहान्सन यांनीं एकावर एक रचून हवें तें माप करतां येईल अशा पोलादी ठोकळ्यांची कल्पना काढली; जगांतील यंत्रशाळांनीं पुढें कित्येक दशकें आपलीं मापें त्याच ठोकळ्यांवरून पारखलीं. अंध सुताराच्या पेटींतील काठ्या, ठोकळे आणि मळसूत्र हीं याच कुळांतलीं आहेत. कारखान्यांतला सर्वांत बारकाईचा डोळस कारागीर ज्या रीतीनें मोजतो, त्याच रीतीनें तो मोजतो.

माप घेतल्यावर तें लांकडावर उतरवावयाचें असतें. पेन्सिलीची रेघ अंधाला निरुपयोगी. पण उत्तम जोडकाम करणारा डोळस सुतारही शेवटची खूण पेन्सिलीनें करीत नाहीं, तर चाकूच्या टोंकानें करतो. गुण्या फळीच्या कडेला दाबून धरून त्याच्या पात्याशीं चाकू ओढला म्हणजे लांकडांत एक बारीक चर पडते. ती नखाला लागते, आणि पटाशीची धारही तींत आपोआप बसते. कडेशीं समांतर रेघ हवी असेल तर खतकस आहे. या हत्यारांत दांडीवर सरकणारा एक ठोकळा व टोंकाशीं एक खिळा असतो. ठोकळा आणि खिळा यांमधील अंतर एकदां मळसूत्रानें ठरवून दिलें कीं मग शंभर फळ्यांवर तीच रेघ मारतां येते. एकाच कामांतील पुष्कळ मापें जपून ठेवावयाचीं तर एका काठीवर तीं खाचांच्या रूपानें कोरून ठेवावींत. कपाटाचे फळे कोठें बसतील, बिजागरी कोठें येईल, हें सर्व त्या एका काठीवर बोटानें वाचतां येतें. अलीकडे माप मोठ्यानें बोलून दाखविणारीं विजेरीवरचीं साधनेंही मिळूं लागलीं आहेत. तीं उपयोगीं आहेत, पण करवतीच्या गोंगाटांत त्यांचा आवाज बुडतो.

आतां करवत. लोखंडी मेजाच्या मधोमध एक फट असते आणि तींतून विजेनें फिरणारें गोल पातें वर आलेलें असतें. पात्याच्या एका अंगास त्याशीं समांतर अशी एक उभी मार्गपट्टी असते; फळी तिला टेकवून पुढें ढकलावयाची. मेजाच्या पृष्ठभागांत पात्याशीं समांतर अशी एक सरळ खोबणही असते. आडवें कापण्याचा आधार तींतून सरकतो. डोळस मनुष्य मार्गपट्टी बसवितांना मेजावरील छापील अंकांकडे पाहतो. अंध मनुष्य तेथें अंकांवर विसंबूं शकत नाहीं. तो प्रत्येक गोष्ट पात्यापासूनच मोजतो. आणि खरें पाहतां पात्यापासून घेतलेलें मापच शेवटीं खरें ठरतें.

या सर्व मांडणीचा पहिला नियम असा कीं, ती करतांना विजेचा प्लग काढलेला असला पाहिजे, आणि नुसता काढून भागत नाहीं. तो मेजावर हाताला लागेल असा ठेवावयाचा. बटण बंद आहे ही आठवण झाली; प्लग हाताखालीं आहे हा पुरावा झाला. त्यानंतर पातें खोबणीशीं समांतर आहे कीं नाहीं हें पाहावयाचें. हें पाहणें फार महत्त्वाचें आहे. पातें किंवा मार्गपट्टी तिरकी असेल तर फळी पात्याच्या मागील भागांत चेंगरली जाऊन वेगानें कापणाऱ्याच्या अंगावर उलटी फेंकली जाते. करवतीवरील अनेक अपघातांचें मूळ येथें असतें, आणि त्यांतून डोळेही वांचवीत नाहींत.

परीक्षा अशी: खोबणींत सरकणारा एक ठोकळा घेऊन त्यांत आट्यांची सळई आडवी बसवावी. पात्यावरील एका दांताजवळ चिकटपट्टीचा तुकडा लावून तो दांत ओळखीचा करावा. पातें हातानें फिरवून तो दांत पुढील बाजूस आणावा, आणि सळईचें टोंक त्याला निसटतें घासेल इतकी ती फिरवावी. मग ठोकळा मागें सरकवून, पातें फिरवून, तोच दांत मागील बाजूस आणावा. तेथेंही तसाच निसटता घासल्याचा स्पर्श व आवाज आला तर पातें समांतर आहे. टोंक लागलेंच नाहीं किंवा दांत अडला, तर पातें तिरकें आहे. किती तिरकें तें सळईचा फेरा सांगतो. तोच दांत दोन्हीं ठिकाणीं वापरण्याचें कारण असें कीं, सगळे दांत एकसारखे बाहेर आलेले नसतात. पातें ठीक झालें म्हणजे मार्गपट्टी खोबणीच्या कडेशीं आणून, अंगठा पुढून मागपर्यंत फिरवून, दोन्हीं कडा कोठेंही वरखालीं लागत नाहींत ना हें पाहावयाचें. येथें कागदाच्या जाडीचा चढउतार ओळखणारें तें बोट कामास येतें.

मग रुंदी. मार्गपट्टी आणि पातें यांमध्यें ठोकळे व मळसूत्र मिळून हवें तें माप धरावयाचें. करवतीचे दांत बहुधा आळीपाळीनें डावी-उजवीकडे झुकलेले असतात. म्हणून माप मार्गपट्टीकडे झुकलेल्या दांतापर्यंत घ्यावें लागतें. पातें स्वतः जवळजवळ एक सूत लाकडाचा भुसा करतें, तेव्हां ठेवावयाचा तुकडा पात्याच्या कोणत्या बाजूस आहे हेंही आधींच ठरवावें लागतें. उंचीसाठीं तर मापही लागत नाहीं. जी फळी कापावयाची तीच पात्याशेजारीं ठेवून, पातें हातानें फिरवीत वरचा दांत फळीच्या पृष्ठभागाहून थोडासाच वर लागेल इतकें तें उंच करावयाचें. काटकोन पाहण्यास गुण्या पात्याच्या सपाट अंगाला लावून वर एक आणि खालीं एक अशा कागदाच्या दोन पट्ट्या मध्यें धराव्या; दोन्हीं सारख्याच घट्ट अडकल्या तर पातें सरळ उभें आहे. तिरप्या कापासाठीं नेमक्या कोनाचे लांकडी त्रिकोण एकदां करून ठेवले कीं गुण्याच्या जागीं ते लावतां येतात. शेवटीं एका टाकाऊ तुकड्यावर काप घेऊन तो मोजावा. ही शेवटची पायरी जो गाळतो, तो डोळस असो वा अंध असो, फळी फुकट घालवितो.

एकाच लांबीचे अनेक तुकडे कापावयाचे असतील तर प्रत्येक वेळीं मोजावयाचें कारण नाहीं. ठराविक जागीं एक अडसर घट्ट बसवावा आणि प्रत्येक फळीचें टोंक त्याला भिडवावें. यांत शत्रु एकच, तो म्हणजे भुसा. अडसराशीं सांचलेला चिमूटभर भुसा फळीला अर्ध्या सुतानें फसवितो. म्हणून प्रत्येक कापाआधीं बोटानें किंवा ब्रशानें ती जागा झाडण्याची संवय लावून घ्यावी लागते. पातें चालूं असतां मात्र ही झाडाझाड करावयाची नाहीं.

आतां ज्या प्रश्नानें ऐकणाऱ्याचें काळीज धडधडतें त्याकडे वळावयास हरकत नाहीं. पातें फिरूं लागल्यावर हात कोठें आहेत हें कसें कळावें? याचें उत्तर असें कीं, चालत्या करवतीवर हात कधींच मोकळे फिरूं द्यावयाचे नाहींत. आडव्या कापासाठीं खोबणींतून सरकणारी एक लांकडी पाटी करतात. तिच्या मागील बाजूस जाड आडवा फळा असतो, आणि पातें ज्या ठिकाणीं त्यांतून बाहेर येईल तेथें त्याला एक भक्कम ठोकळा जोडलेला असतो, कीं ज्यामुळें पातें ठोकळ्याच्या पोटांतच राहावें. दोन्हीं हात पाटीच्या ठरलेल्या मुठींवर असतात आणि मेजाला लावलेला अडसर पाटीला एका मर्यादेपलीकडे जाऊं देत नाहीं. उभ्या कापांत फळी मार्गपट्टीला टेकवून ढकलतांना बोटांच्या जागीं लांकडी ढकलण्या वापरतात. पात्यावरील झांकण आणि पात्याच्या मागील पातळ पोलादी पट्टी हीं कधींही काढावयाचीं नाहींत. ही पट्टी कापलेल्या फळीला मिटून पात्यावर चेंगरूं देत नाहीं. सांडलेला तुकडा उचलावयाचा झाल्यास आधीं करवत बंद करावयाची आणि पातें पूर्ण थांबेपर्यंत हात अंगाशीं धरावयाचे. बटण बंद केल्यावरही पातें कांहीं वेळ फिरत राहतें. त्याची सळसळ थांबली हें कान सांगतात.

कानांची मदत एवढीच नाहीं. दांत लांकडांत शिरले कीं मोकळ्या फिरण्याचा सूर उतरतो. काप संपला कीं तो पुन्हां चढतो. गांठ लागली, फळी फार वेगानें ढकलली, पातें बोथट झालें, तर प्रत्येकाचा आवाज निराळा. जुना डोळस सुतारही हे सूर ओळखतो, फक्त तो त्यांच्याकडे मुद्दाम लक्ष देत नाहीं. करवतीचा आवाज दीर्घकाळ ऐकल्यानें कान बिघडतात हेंही खरें आहे. आणि ज्याचे कान हीच मोठी इस्टेट, त्यानें तर ते अधिक जपावयास पाहिजेत. म्हणून कानांवर आच्छादन घालूनही सुरांतला फरक कळेल इतका सराव आधीं टाकाऊ लांकडावर करून घ्यावा लागतो.

यंत्रविद्येनेंही येथें थोडा हातभार लावला आहे. सन १९९९ मध्यें अमेरिकेंत स्टीफन गास यांनीं 'सॉ-स्टॉप' नांवाची योजना काढली. पात्यांतून एक सौम्य विद्युत्संकेत खेळविलेला असतो. माणसाच्या कातडीचा स्पर्श होतांच तो बदलतो, आणि त्याच क्षणीं ॲल्युमिनियमचा एक ठोकळा स्प्रिंगच्या जोरानें दांतांत घुसून पातें सेकंदाच्या सुमारें पांच सहस्रांशांत थांबवितो. बोट तुटण्याऐवजीं बहुधा लहानसा ओरखडा निघतो. मात्र फळी उलटी फेंकली जाण्याचा धोका या योजनेनें टळत नाहीं, आणि ठोकळा प्रत्येक वेळीं नवा घालावा लागतो. मांडणींतली शिस्त ही पहिली ढाल. यंत्र ही दुसरी.

या सर्व साधनांत महाग असें फार थोडें आहे. आट्यांची सळई, चौकोनी नट, चाकू, गुण्या आणि कारागिरानें स्वतःच कापलेले ठोकळे एवढ्यानें आरंभ होतो. पैशांनीं न मिळणारी एकच गोष्ट लागते, आणि ती भोंवतालच्या डोळस माणसांकडून यावी लागते: पटाशी जेथें ठेवली तेथेंच ती सांपडली पाहिजे. सहज म्हणून उचललेली आणि भलतीकडेच ठेवलेली पटाशी अंध सुताराला शोधावी लागते ती धारेच्या बाजूनें. मार्गपट्टीला कोणाचा तरी धक्का लागला आणि त्यानें तें सांगितलें नाहीं, तर अर्ध्या तासाची मांडणी वायां जाते. मदतीच्या हेतूनें न विचारतां फळीला लावलेला हातही तितकाच घातक, कारण कापणाऱ्याचें सारें ध्यान त्या फळीच्या दाबावर असतें.

सर्वच अंध सुतार होतील असें नाहीं. सर्व डोळस तरी कोठें होतात? या कामाला स्थिर हात, लांकडाची आवड आणि तेंच माप तिसऱ्यांदां तपासण्याची चिकाटी लागते. ती प्रत्येकाजवळ असतेच असें नाहीं. पण एखादा अंध तरुण कारखान्याच्या दाराशीं येऊन सुतारकाम मागूं लागला, तर "तुला दिसत नाहीं, मग कसें जमेल?" असें म्हणून त्याला परत लावण्याआधीं कारखानदारानें त्याच्या हातीं एक फळी द्यावी आणि चौदा इंच तीन सूत कापून आणावयास सांगावें. मग फळी हातीं येतांच ती मोजावी, आणि निकाल त्या मापावर करावा.